क्यूची पानं

उदगीरच्या स्टेशनामागं
लतीफचाचाच्या काट्यावर शब्दकोश आला
तेव्हा त्याला डोकं नव्हतं, पाय नव्हते.
अर्धा उंदरांनी खाल्लेला,
अर्धा भज्यांच्या गाड्यावर गेलेला.
मधली चार पानं तेवढी धड. क्यू.
‘घे बेटी, ह्याचं काय वजन करायचं.’

तेव्हापासून माझं इंग्रजी एका अक्षराचं.

क्यूमागं यू असतोच,
छिन्नीमागं हातोडा तसा,
हे शिकवायला कुणी लागलं नाही.
क्विल्टपुढं रजई छापलं होतं,
ते खोडून मी पेन्सिलीनं वाकळ केलं.
मायनं विचारलं, पुस्तकात खोडतेत का?
म्हटलं, चुकलं असलं तर खोडतेत.

क्विट म्हणजे सोडून देणे.
नववीच्या दाखल्यावर गुट्टे सरांनी
हेच मराठीत लिहिलं होतं,
अक्षर त्यांचं फार सुबक.

क्वेलपाशी मी दोन दिवस अडकले.
एक अर्थ लावा पक्षी,
तो तर खाणीच्या कडेला रोज पळतो,
पिल्लं मागं घेऊन, गवतातून.
दुसरा अर्थ कच खाणे.
हसू आलं.
आमच्या भाकरीत कच, केसांत कच,
क्रशर चालू असला की चहातसुद्धा साय नाही, कच.
खाऊन खाऊन बाप कधी
मागं सरला नाही.

मग क्वॉरी.
बाप हातपाय धुऊन बसला होता,
भुवया तरी पांढऱ्याच.
‘काय वाचायलीस?’
‘तुमचंच हाय. दगडाची खाण.’
‘आमचं? पुस्तकात?’
तिम्मा धोत्रे, अंगठाबहाद्दर,
पान हातात घेऊन उलटंच धरलं,
मायला दाखवलं, शेजारच्या यल्लूबाईला दाखवलं.
मग बोट ठेवून म्हणाला,
‘अन् हे दोन नंबरचं काय हाय?’

दोन : सावज.
ज्याच्या मागे शिकारी लागतो ते.

मी म्हटलं, तिथं तेलाचा डाग पडलाय.

ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली.
परवा लातूरहून रिपोर्ट आला,
बापाच्या छातीच्या फोटोखाली
एक लांबलचक शब्द. एसचा.
डॉक्टर घाईत होते,
म्हणाले, धुळीत जाऊ देऊ नका.

मी स्टेशनामागं गेले.
चाचा आता थकलाय,
तरी त्यानं अख्खा ढीग उलथला :
लग्नपत्रिका, वीजबिलं, दहावीची गाईडं,
कुणाच्या तरी जमिनीचा नकाशा.
एस नाही.
‘कल आ बेटी,’ म्हणाला,
‘परभणीचा माल यायचाय.’

घरी बाप खाटेवर बसलेला,
फोटो उजेडाकडं धरून.
ह्या खेपेला सरळ धरला होता.
माझ्यापुढं कागद सरकवला
अन् खोकला थांबेपर्यंत थांबला.
‘वाच की.
तुला येतंय ना इंग्रजी.’