घामाला न टिकणारा रंग

बाटलीवर कवटी नाही.
छातीत चांदणी फुटलेला काळा माणूस आहे, लाल चौकटीत.
हातमोजे घालायचे. पूड हुंगायची नाही.
सांडली तर ओल्या फडक्यानं टिपायची, झाडायची नाही.
लीड्सच्या इस्पितळात, तळघरातल्या प्रयोगशाळेत
नव्या पोरांकडून मी हे पाठ करून घेते.
काँगो रेड. विटकरी भुकटी.
पाण्यात पडली की मात्र अशी लाल होते
की सगळ्या सूचना क्षणभर विसरायला होतं.

"ती होय? ती आम्ही फावड्यानं भरायचो,"
म्हणतात हडर्सफील्डमधले माझे शेजारी, क्लिफर्ड हेग.
पंधराव्या वर्षी वजनकाट्यावर लागले,
कोलन नदीकाठच्या रंगाच्या कारखान्यात.
शुक्रवारी आंघोळीचं पाणी तिसऱ्यांदा बदललं तरी गुलाबी.
आई त्यांच्या उशीचा अभ्रा वेगळा धुवायची.
कापसाला हा रंग आपणहून धरतो,
तुरटी नको, काही नको, म्हणून स्वस्त.
आंबटाशी गाठ पडली की निळा पडतो, म्हणून बदनाम:
नाचून घरी आलेल्या पोरींच्या काखा
जांभळट.

बिस्किटांच्या डब्यात त्यांनी एक चिंधी जपलीय.
चिप्सवर शिंपायच्या व्हिनेगरचा थेंब टाकतात:
निळा डाग उमलतो.
मग धुण्याच्या सोड्याचं पाणी. पुन्हा लाल.
माझ्याकडे बघतात, जादूगारासारखं नाही,
हिशेब जुळल्यासारखं.
मी सांगितलं, इचलकरंजीत
सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबणानं लाल झाला
आणि रक्त समजून मी शाळाभर रडले होते.
ते खूप हसले. मग खोकले.
मग बराच वेळ श्वास शोधत राहिले.

वजनकाट्यावर सात जण होते.
क्लिफर्ड त्यांना बोटांवर मोजत नाहीत,
रूबार्बच्या गड्ड्यांवर मोजतात:
हा वॉल्टर, हा पोलंडचा युरेक,
हा धाकटा डग्लस, पन्नाशी न पाहिलेला.
एकेकाची लघवी लाल झाली.
त्यांना वाटलं, अंगातला रंगच उतरतोय.
मग कायदा आला; या रंगाची आई, बेंझिडीन, बंद झाली.
तोवर क्लिफर्ड बसवर कंडक्टर झाले होते.

गुरुवारी त्यांच्या हृदयाचा तुकडा काढणार होते,
तांदळाच्या कणीएवढा.
मला कळलं ते परसातल्या भिंतीवरून, रूबार्बच्या जुडीसोबत.
"लीड्सला नेतायत. तुझ्याच तिथे."

काचेवर नाव नसतं. आकडे असतात.
शुक्रवारी तीन हृदयं आली.
मीठ विरघळेनासं होईतो घातलेलं अल्कोहोल,
चिमूटभर अल्कली,
आणि तोच रंग. काखेत टिकला नाही तो
इथे टिकतो;
शरीरानं घडी चुकवलेल्या प्रथिनाला असा बिलगतो
की धुऊन जात नाही.
मग दोन काचा एकमेकींना आडव्या फिरवायच्या.
पहिलं हृदय: अंधार.
दुसरं: अंधार.
तिसऱ्यात
कच्च्या सफरचंदाचा हिरवा.
इतका देखणा, की बेथनी "अय्या" अशा अर्थाचं काही बोलली
आणि ओशाळली.
मी आकडा लिहिला. अहवाल डॉक्टर देतात.
हातमोजे उलटे करून टाकले, कोपरापर्यंत धुतलं,
तरी गाडीत बसल्यावर नखांच्या कडा तपासल्या.

रविवारी रूबार्बची आमटी केली, गूळ सढळ.
वाटी घेऊन गेले.
"आंबट आहे गं," म्हणाले, आणि चिंधी काढली.
चमच्यानं एक थेंब.
आधी हळदीचा पिवळा. मग कडेनं,
अगदी कडेनं, काहीतरी.
"निळा म्हणतेस का?" त्यांनी विचारलं. "नीट बघ.
तुझी नजर तयार आहे."
मी दिवा जवळ ओढला.