धाकटी

अमळनेरला, दुपारच्या तासाला,
लाइट गेलेली.
नेहेते सर घाम पुसत सांगत होते
त्या म्हाताऱ्या इंग्रजी राजाची गोष्ट:
नकाशा अंथरला, मुलींना म्हणाला, बोला,
जी गोड बोलेल तिला जास्त जमीन.
धाकटी गप्प राहिली.

"या गप्प राहण्याचा अर्थ काय?
विद्यापीठ दहा मार्कांना विचारतं."

मागून कोणी पुटपुटलं, "येडा शे राजा."
वर्ग हसला. सरही.
मी वहीत समास आखत बसलो.

पारोळ्याच्या रजिस्ट्रार कचेरीत
कोकिळाक्कानं हक्कसोडीवर सही केली तेव्हा
बाप म्हणाला होता,
"काही बोलानं शे का तुले?"
तिनं पेनाला टोपण लावलं,
मला परत दिलं.

त्याच पेनानं उतरवून घेतोय:
धाकटी. गप्प. दहा मार्क.