हात बसलाय

धंतोलीत, दुसऱ्या माळ्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर
आम्ही पाच जणी. पहिला दिवस.
मुकेवार मॅडम म्हणाल्या, आधी नखं दाखवा.
नावं मग विचारली.

दातांना नंबर असतात, हे तिथे कळलं.
अकरा म्हणजे समोरचा, वरचा, उजवा,
पण उजवा पेशंटचा. आपला नाही.
शबिस्ता दरवेळी चुकायची
आणि स्वतःच्याच गालाला बोट लावून बघायची.
मला सोपं गेलं. आकडे पाठ करायची सवय होती:
एकशेवीस, तीनशे,
कोणाला चुना कमी, कोणाला सुपारी बारीक.

गोळीबार चौकात बाबांचा ठेला आहे.
हे फॉर्मवर लिहिलं नाही.
वडिलांचा व्यवसाय: विणकर.
खोटं नाही ते. माग अजून आहे घरात,
त्यावर आम्ही गाद्या रचतो.

सक्शन जिभेला चिकटू द्यायचं नाही.
डॉक्टरांची नजर तोंडातून हलता कामा नये,
हात नुसता बाजूला येईल,
त्यात नेमकं तेच हत्यार पडलं पाहिजे, न मागता.
आणि आपण पेशंटच्या डोळ्यांकडे बघायचं,
कारण तोंडात चार हात असताना
माणूस फक्त भुवयांनी ओरडतो.

तिसऱ्या आठवड्यात समोर काचेची लादी आली.
पांढरी भुकटी, लवंगेचं तेल, चपटी पट्टी.
भुकटी थोडी थोडी ओढायची
आणि घोटायची, दाबून, पसरून, पुन्हा गोळा करून.
टिकेश्वरीचं पातळ झालं. शबिस्ताचं वाळूसारखं.
माझ्या लादीवरून मॅडमनी पट्टी उचलली,
तर बोटभर तार आली, तुटली नाही.
"हात बसलाय गं तुझा. कुठे शिकलीस?"
म्हटलं, घरीच.

शाळेतून आलं की दप्तर ठेल्याखाली,
पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना,
लाकडी पाटावर घसाघसा, दिवेलागणीपर्यंत.
कोर्सची फी त्याच खर्ऱ्यातून भरली. चार हप्ते.

मग एक ऑटोवाला आला. सव्वीस वर्षांचा.
मॅडम म्हणाल्या, ज्याची त्याची तीन बोटं
एकावर एक तोंडात जायला हवीत.
त्याचं दीड गेलं.
दिव्याच्या उजेडात गालाच्या आत
पांढऱ्या दोऱ्या दिसल्या, ताणलेल्या.
विणकराच्या पोरीला ताणा कळतो.
"हे एका दिवसात होत नाही," मॅडम आम्हाला सांगत होत्या,
"सुरुवातीला नुसतं तिखट झोंबतं."
त्याच्या भुवया माझ्याकडे वळल्या.
मास्क होता मला. ओळखलं की नाही, कोण जाणे.

आमच्याकडे रविवारी सावजी असतं,
अर्धी गल्ली शिंकते असं.
दोन वर्षं झाली, बाबांचे तुकडे
आई पाण्यात खळबळून वाढते.
वय झालं, म्हणायचो.
सत्तेचाळीस.

त्या संध्याकाळी हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये लावली,
एकशे एकवीस डिग्री, पंधरा मिनिटं.
एकशेवीसच्या पुढचा एकच आकडा.
शिट्टी होईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिले,
कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ठेल्यावर पोचले तर बाबा म्हणाले,
"आली का? बस जराशी, मी जेवून येतो."
"बाबा, तोंड उघडा बरं."
"काऊन?"
"परीक्षा आहे माझी."
ते हसले. जेवढं हसता येतं तेवढं.

"मग तुमचीच तीन बोटं घ्या," मी म्हटलं
आणि कळशीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं,
नखांपासून सुरुवात करून, शिकवलं होतं तसं.
चुन्याचा पांढरा थर सुटता सुटेना.
समोर गिऱ्हाईक उभं होतं,
पन्नासची नोट पुढे करून.