कुंपण, दुसऱ्यांदा

मार्चच्या पुरानं कुंपण नेलं.
चारशे मीटर तार, नव्वद खांब,
आणि फाटकावरची पाटी : गुरे आत सोडू नयेत.
मर्विन टकवेल, वय एक्क्याऐंशी,
काठावर उभा राहून म्हणाला,
"पाटी गेली ते बरं. शुद्धलेखन चुकलं होतं."

पाणी उतरल्यावर आम्ही खाली गेलो.
मी कुंपणवाला. खड्ड्याचे पैसे घेतो,
मत मागितलं तरी देत नाही.
नदीसुरू उभे होते,
उभे म्हणजे जवळजवळ आडवे,
प्रवाह गेला त्या बाजूला झुकलेले,
फांद्यांत गवताचे भारे, एक पांढरी खुर्ची,
कुणाच्या तरी मेंढीची लोकर.
मुळांनी दगड मुठीत धरलेले,
मूठ सुटली नव्हती.

मर्विननं एक हिरवी सुई तोडून हातावर ठेवली.
"पेरं मोज."
पेरापेरानं ती मोडत गेली, कट् कट्,
आणि प्रत्येक पेराच्या कडेला आठ-नऊ दात,
चष्मा काढूनच दिसतील असे.
"तीच पानं. एवढीशी ठेवली
की पुराला धरायला काही सापडत नाही."
हे खरं, की त्याचं आपलं,
मी विचारलं नाही.

तो बारा वर्षांचा होता
तेव्हा नदी-सुधार मंडळाचा माणूस आला, हॅट घातलेला.
म्हणाला, ही झाडं पाणी तुंबवतात.
बुंध्यामागे पैसे ठरले.
बाप साखळी बांधायचा, मर्विन ट्रॅक्टरवर,
वळणापासून पुलापर्यंत, एका उन्हाळ्यात.
"त्या पैशांतून मला सायकल मिळाली,"
तो म्हणाला, आणि बराच वेळ काही नाही.

मग काठ चालू लागला.
आधी बटाट्याचा पट्टा, मग लसूणघासाचं शेत,
मग गोठा.
दूध काढायची ती सिमेंटची जमीन
आता नदीच्या मधोमध आहे.
तिच्यावर पाणकावळे पंख वाळवतात.

एक झाड वाचलं होतं. त्याच्या सावलीत
आई बहिणीला पत्रं लिहायची, म्हणून.
नर निघालं ते.
थंडीत टोकं तांबूस होतात,
नवा माणूस म्हणतो, गंज चढलाय.
परागांचा धूर सोडत राहिलं सत्तर वर्षं,
एक बोंड नाही.
त्याच्याच मुळांखाली प्लॅटिपसचं बीळ आहे,
संध्याकाळी पाण्यावर एक रेघ उमटते, तेवढंच.
आणि वारा पडलेला असतानाही
वर सुरूचं काहीतरी सुरू असतं.

बी आलं ते वरच्या अंगानं,
बिरपाई लोकांच्या जमिनीवरून,
तिथं मंडळाची साखळी पोचली नव्हती.
पुरानं नवा गोटा आणून टाकला, उघडा, धुतलेला,
आणि सहा आठवड्यांत त्याच्यावर
हिरवे खुंट, न केलेल्या दाढीसारखे.
व्हर्ना बघायला आली, गुडघ्यावर बसली.
"आमची पोरं तुमच्याकडे राहायला आलीत,"
ती मर्विनला म्हणाली. "जेवायला घाल."
"ती स्वतःचं खत स्वतः करतात," मर्विन म्हणाला,
"मुळांच्या गाठींत. मी नुसता आडवा यायचा नाही."
तीनशेपर्यंत मोजलं त्यांनी,
मग व्हर्नाचा फोन वाजला.

मंगळवारी शेजाऱ्याच्या सतरा गाई उतरल्या.
बुधवारी अकरा रोपं.

मर्विननं मला फोन केला नाही, स्वतः आला,
चिखलाचे बूट न काढता दारात.
ह्या वेळी पडणारं कुंपण हवं होतं त्याला :
पुराचा रेटा आला की आडवं होणारं,
उतरला की माणसानं उचलून लावायचं.
मी म्हणालो, महाग पडतं,
आणि उचलणार कोण?
त्यानं खिशातून त्या सुईचा तुकडा काढला,
वाळून तपकिरी झालेला,
माझ्या टेबलावर बिलाच्या वहीत ठेवला.

काल पहिले वीस खड्डे झाले.
पहार गोट्याला लागली की ठिणगी उडते.
मर्विन खुर्चीत बसून होता, त्या पांढऱ्या,
फांदीतून काढलेल्या खुर्चीत,
आणि प्रत्येक खड्ड्याला म्हणत होता,
"थोडं मागे घे. अजून थोडं.
नदीला जागा लागेल."