सहस्रांश

रुवीत आमच्या ऑफिसच्या खिडकीतून
एक डोंगर दिसतो. त्यावर गवताचं पातं नाही.
पहिल्या वर्षी वाटायचं, हा अजून लोड व्हायचाय.

मी पगाराची प्रणाली सांभाळते.
मूळ कुणीतरी दुसऱ्याच देशात लिहिलेली,
जिथे पैशाला दशांशचिन्हापुढे दोनच घरं असतात.
इथे तीन. एका रियालचे हजार बैसा.
तिसरं घर कुणी बांधलंच नव्हतं.
तिथे राहायला आलेला आकडा
रात्रभर उघड्यावर पडायचा
आणि सकाळी नसायचा.

सहा वर्षं मला हे दिसलं नाही.
माझा पगार गोल आहे,
चिन्हापुढे नुसती शून्यं. तिकडे कोण बघतं?

बघितलं शौकतभाई परकारांनी.
मूळचे हर्णैचे, घलाच्या कॅम्पात शटरिंगचे फोरमन.
त्यांची दोनशे पानी वही, सिमेंटने कडक झालेली,
आत मराठी आकड्यांत रोजचा ओव्हरटाइम.
एका शुक्रवारी बस बदलून ते आमच्या बिल्डिंगखाली आले,
वही उघडून माझ्यासमोर धरली, म्हणाले,
"बाय, तुझा यंत्र खोटा नाय बोलत.
पन शेवटचा अक्षर गिलतो."

तासाला सात बैसा.
महिन्याचे साठ तास, म्हणजे चारशे वीस.
चार करक चहा, वर वीस सुटे.

मी तिकीट टाकलं.
बिनॉयने प्राधान्य लावलं: कमी.
शेरा: रचनेनुसार.
हा शेरा मीही शेकड्यांनी मारलाय.
त्याने फाइल बंद होते आणि जेवायला वेळेवर जाता येतं.

मीटिंगमध्ये मैथाने विचारलं,
सोहारची पोरगी, ट्रेनी, लागून चारच महिने झालेली,
"मग ते जातात कुठे?"

एसीचा आवाज ऐकू आला.
अकराशे चाळीस माणसं. मी टिश्यूवर गुणाकार केला:
चारशे अठ्ठ्याहत्तर रियाल, आठशे बैसा, दरमहा.
कुणी खाल्ले नव्हते. कुणाच्या खात्यात नव्हते.
बँकेने मागितले नाहीत म्हणून कंपनीने पाठवले नाहीत, एवढंच.
चोर असता तर बरं झालं असतं.
चोराला निदान हात असतात.

परिषदांमधून विचारतात,
एआय येतंय, तुमच्या नोकऱ्यांचं काय?
मी हमूस संपवते आणि बघू म्हणते.
काय सांगू? की मी साधंसुधं यंत्रच पाहिलंय,
सांगितलं तेवढंच करणारं,
सहा वर्षांत एक सुट्टी न घेतलेलं,
आणि त्याच्या शेजारी तशीच मी.

दुरुस्तीला अकरा मिनिटं लागली. दोनचा तीन केला.
परवानगीला चौदा महिने.
तेवढ्यात दोनशे बारा माणसं
अंतिम हिशेबावर सही करून विमानात बसली.

"आणि मागचं?" मी विचारलं.
"मागच्यासाठी रकाना नाही," बिनॉय म्हणाला.
वाईट माणूस नाही तो. त्रिशूरला आईचं डायलिसिस चालू आहे,
आणि त्याचाही व्हिसा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे.
मी रकाना वाढवू शकत होते.
टेबल माझंच होतं.
मी वाढवला नाही. हे इथे लिहून ठेवते,
कारण बदलांच्या नोंदीत
न केलेले बदल येत नाहीत.

पुढच्या महिन्यात शौकतभाईंनी
पेन्सिलीने एकेक ओळ टिकवली.
"जुललं," म्हणाले.
मग अंगठा ओला करून मागची पानं उलटत राहिले,
बराच वेळ.
चहाचे पैसे त्यांनी दिले. दोनशे बैसा, मोजून.
वही माझ्याकडेच ठेवून गेले.

ती माझ्या मॉनिटरखाली आहे.
कुणी विचारलंच तर सांगते,
मानेला त्रास होतो, जरा उंची हवी होती.