डॉक्टरांचं अक्षर

डॉक्टर हालग्यांचं अक्षर उदगिरात
दोघांनाच लागायचं, त्यांना आणि मला.
दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागायचं नाही.

देगलूर रोडचा दवाखाना.
पहाटेपासून नंबरला चपलांची रांग,
चपलांचे मालक लिंबाखाली.
स्पिरिटच्या दिव्यावर सुया उकळत,
गुलाबी औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी,
पट्टीला मी कात्रीनं कापलेले डोसांचे दात.
दोन रुपये फी. नसले तर भाद्रपदात मूग.

त्या वर्षी नळात गटार मिसळली.
एकाच गल्लीतली एकोणीस लेकरं.
खाटा संपल्या, तेव्हा सलाईनच्या बाटल्या
मी खिडकीच्या गजांना बांधल्या.
डॉक्टर प्रत्येक चिठ्ठीवर खाली लिहायचे :
पाणी उकळून प्या.
विसाव्या चिठ्ठीला पेन थांबला.
म्हणाले, "बाशुमियाँ,
हे मी चुकीच्या माणसाला लिहायलोय."
ती चिठ्ठी घेऊन ते नगरपालिकेत गेले
आणि तिथून पुरते असे
परत आलेच नाहीत.

प्रचारात हात हातात घेतला
की अंगठा आपोआप मनगटावर सरकायचा.
"आजी, मीठ कमी करा.
आणि शिक्का कपबशीवर."

आधी नगराध्यक्ष, मग आमदार.
स्टेथोस्कोप आधी मुंबईच्या बॅगेत असायचा,
मग खुंटीवर,
मग माझ्या नातवाच्या गळ्यात, खेळायला.
शिफारशीच्या पत्रांचं अक्षर तेच,
म्हणून तहसीलमधून फोन मला :
"साहेबांनी 'बदली करावी' लिहिलंय का 'करू नये'?"
मी खरं तेच सांगायचो.
दोनदा नाही सांगितलं.

पाइपलाइनीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर.
"फायलीला मनगट नसतं, बाशुमियाँ,"
हे एकदाच म्हणाले,
भाकरी मोडता मोडता. नंतर ठेचा मागितला.

औंदाच्या ज्येष्ठात पुन्हा तीच गल्ली.
नळ आठ दिवसांआड, सुटला की पिवळा.
रात्री दीडला डॉक्टर आले, ड्रायव्हरशिवाय.
कुलपात तेल सोडावं लागलं.
एका पोरीची शीर सापडेना.
तिची आई त्या एकोणिसांतली.
तिनं डॉक्टरांना ओळखलं नाही,
किंवा ओळखलं, आणि बोलली नाही.
त्यांचा हात थरथरत होता. सुई मी घेतली.
ते पोरीचं मनगट धरून
ओठांतल्या ओठांत मोजत बसले, उजाडेपर्यंत.

सकाळी आईनं चिठ्ठी सवयीनं माझ्याकडे दिली.
मी म्हटलं, तूच वाच की.
तिनं वाचली, एकेक अक्षर सुटं सुटं,
दुसरीतल्या पोरानं काढल्यासारखं :
पाणी उकळून प्या.

कागद लेटरहेडचा होता, वर नाव, पद, फोन.
दवाखान्यातले कोरे कागद
कधीचेच संपले होते.