नखाला लागतं ते

मुकीमनं हातात कॅरीबॅग घालायला लावली,
म्हणाला, ताई, आता फिरवा बॉनेटवरून.
उघड्या तळव्याला गुळगुळीत वाटलेला रंग
प्लास्टिकआडून खरखरला,
साखर सांडलेल्या ओट्यासारखा.

एमआयडीसीचं लोखंड हाय. उडतं, बसतं, गंजतं.
जालन्यात राहायचं तर एवढं घ्यावंच लागतं अंगावर.

गाडी सेलूची, काळपट निळी. तीन हात फिरून आलेली.
मी चौथी.

मातीची वडी कणकेसारखी मळली,
पाणी मारत हलक्या हातानं सरकवली.
पहिल्याच फेरीत ती तपकिरी,
रोलिंग मिलमधून आलेल्या
दिराच्या कॉलरसारखी.

मग पॉलिश. मी गोल गोल घासत राहिले
तवा घासावा तशी.
ऊन सरकून दारावर आलं तेव्हा दिसलं:
कोळ्याचं जाळंच जाळं, सगळं माझं.
मुकीम हसला नाही.
सरळ जायचं, म्हणाला, सरळच यायचं.
आन् घाई आसंल तर नुस्ती धुऊन सोडायची.

मागच्या दारावर कुणी खिळ्यानं
'दि' एवढंच कोरलेलं.
नख फिरवलं. अडकलं.
नखाला लागतं ते हातानं जात न्हाई,
तो फडकं पिळत म्हणाला.

दिलावर? दिगंबर? दिवाळी?
सेलूच्या माणसानं सांगितलं नव्हतं,
मीही कागद, टायर आणि बॅटरीच विचारलेली.

चारला नळ आला. खांदा उचलेना.
एकच दार झालं होतं,
त्यात समोरची भिंत, मुकीमची सायकल,
घागर घेऊन पळणारी मी,
आणि मधोमध 'दि'.